कागद, कातर आणि यंत्र
(महिला विभागाच्या सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या उद्योगवर्गासाठी कागद कापण्याचे यंत्र घ्यावे की नाही, असा प्रश्न विश्वस्तांपुढे आहे आणि त्याविषयी चार शब्द सांगण्याची मला आज्ञा झाली आहे. प्रश्न दिसायला लहान आहे. पण या वर्गाच्या मिळकतीतून ज्यांच्या घरी मुलांची फी भरली जाते अशा भगिनी येथे समोर बसल्या आहेत. तेव्हा यंत्राची स्तुती किंवा निंदा न करता त्याचा जमाखर्च मांडावा, हे बरे.

कागद कापणे आपल्याला परके नाही. रुखवतातील पुठ्ठ्याचे वाडे, दिवाळीचे आकाशकंदील, गणपतीचे मखर ही सारी घरच्या कातरीचीच करणी. महाराष्ट्रात २०१८ साली थर्मोकोलच्या सजावटीवर बंदी आली आणि पुठ्ठ्याच्या मखरांना पुन्हा मान मिळाला. आपण राहतो त्या माळव्यात पितृपक्षात मुली भिंतीवर शेणाची संजा घालतात व ती पाकळ्यांनी आणि चमकी कागदाने सजवितात. हल्ली तीच संजा छापील कागदावर बाजारात विकत मिळते. ज्यांना हे पाहून वाईट वाटते त्यांच्या पंक्तीत मीही आहे. परंतु संजा मागे पडली ती यंत्रामुळे, असे म्हणवत नाही. घरोघरी शेणाने सारवलेल्या भिंतीच उरल्या नाहीत, त्याला बिचारे यंत्र काय करणार?

आता डाय म्हणजे काय ते पाहू. आपण मोठी पोळी लाटतो आणि तिच्यावर वाटी उपडी दाबून एकसारख्या पुऱ्या काढतो. ती वाटी म्हणजेच डाय. पोलादी पात्याला फुलाचा, पाळण्याचा किंवा पेटीच्या घडीचा आकार द्यायचा व ते कागदावर दाबायचे. एकोणिसाव्या शतकात जोड्यांचे तळवे कापण्यासाठी ही रीत रूढ झाली. न्यूयॉर्क येथे रॉबर्ट गेअर यांच्या कारखान्यात कागदी पिशव्या होत असत. घडी पाडणारी एक धातूची पट्टी सरकली आणि घडी पडण्याऐवजी कागद कापला गेला, अशी हकिकत सांगतात. माल वाया गेला, पण कापणे व घडी पाडणे ही दोन्ही कामे एकाच दाबात होतील हे गेअर यांनी ओळखले. हे १८७९ सालचे. आज मिठाईवाल्याकडून जी सपाट पेटी येते आणि चुटकीसरशी उभी राहते, तिचे मूळ तेथे आहे.

घरगुती यंत्रे दोन तऱ्हेची मिळतात. पहिले हाताने फिरवायचे. उसाच्या चरकात असतात तसे दोन रूळ. दोन जाड तक्त्यांच्या मध्ये कागद व डाय ठेवून ती थप्पी त्यातून पार काढायची. वीज लागत नाही आणि शिकायला एक दुपार पुरते. बारीक नक्षी नीट कापली जात नसेल तर थप्पीत एखादा साधा कागद वाढवावा, आणि डाय किंचित तिरकी ठेवावी म्हणजे लांब कड एकदम रुळाखाली येत नाही. दुसरे यंत्र संगणकाला जोडायचे. त्यात डाय नसते; एक इवलेसे पाते चिकट चटईवर बसविलेल्या कागदावर चित्राप्रमाणे फिरते. एकात ठरीव आकार, दुसऱ्यात पाहिजे तो आकार, एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुरे.

आणि येथेच आपल्या भाषेचा प्रश्न येतो. आपल्याकडे मागणी कशाची येते? बारशाला बाळाच्या नावाचे तोरण, साठीशांतीला आजोबांच्या नावाची पाटी, मुंजीला बटूच्या नावाच्या पेट्या. बाजारातील तयार डाय पाहिल्या तर त्यांत रोमन अक्षरे आणि नाताळची झाडेच फार. देवनागरीची जोडाक्षरे व काना-मात्रा यांचा डायचा संच करू गेले तर किती नग लागतील, याची कल्पना आपणच करा. शिवाय सुटी अक्षरे कापून ओळीत चिकटविली की शिरोरेषा खालीवर होते आणि नाव वाकडे दिसते.

पण ज्या शिरोरेषेने ही अडचण केली तीच पुढे मदतीला येते. रोमन लिपीतील नाव कापले की अक्षर अक्षर सुटे होते. आपले नाव शिरोरेषेला दोरीवरच्या कपड्यांसारखे लटकून राहते. ‘माधवी’ नाव कापून पाहा. ‘मा’ निघते आणि ‘धवी’ वेगळे पडते! कारण ‘ध’ आणि ‘भ’ यांच्या डोक्यावर रेघ पुरती नसते. ‘शुभदा’चीही तीच गत. तेथे चित्र काढतानाच अक्षरे किंचित एकमेकांत सरकवून सांधा द्यावा लागतो. ‘मंदार’वरचे टिंब तर हमखास गळते, ते रेघेला टेकवावे, नाहीतर निराळ्या रंगाचे टिंब मागाहून चिकटवावे. मला दुसरी रीत अधिक आवडते, कारण ते टिंब कुंकवासारखे शोभते. साचा करायचा असेल, म्हणजे अक्षर पोकळ ठेवून त्यातून रंग द्यायचा असेल, तर ‘व’च्या पोटातला तुकडा गळू नये म्हणून बारीक पूल ठेवावा लागतो. हे ज्ञान यंत्राच्या पेटीत येत नाही. ते ज्यांच्या हाताला अक्षराचे वळण आहे त्यांनाच सुचते, आणि अशा वळणदार हाताच्या भगिनी आपल्या वर्गात आहेत.

कागदाविषयी थोडेसे. भेटकार्डाला अडीचशे ते तीनशे ग्रॅम वजनाचा कागद चांगला. याहून पातळ घेतला तर पेटी उभी राहत नाही. पुण्याच्या हातकागद संस्थेचे काम १९४० पासूनचे आहे आणि जयपूरजवळचे सांगानेर तर या धंद्याचे गावच. असा सुती चिंध्यांचा कागद दिसायला देखणा, पण फिरत्या पात्याखाली त्याच्या तंतूंची कड केसाळ होते. तो डायखाली दाबून कापावा. पावसाळ्यात कागद आडवा, दडपणाखाली ठेवावा.

आता मुख्य मुद्दा, पैशाचा. समजा, बारशाच्या पन्नास पेट्या करायच्या आहेत. कातरीने एक कापायला दहा मिनिटे, आणि घडी, डिंक, नाव, फीत यांना सहा. म्हणजे एकूण तेरा तास वीस मिनिटे. यंत्राने कापणे एका मिनिटावर आले तर तेच काम सहा तासांच्या आत होते. पण हाताची सहा मिनिटे जिथल्या तिथेच आहेत! गिऱ्हाईक मात्र म्हणते, “आता यंत्र आहे ना, मग भाव उतरवा.” आणि आपण भिडेपोटी उतरवतो. कागदाचा, पात्याचा, विजेचा खर्च वजा करून उरते ते तासांनी भागून पाहिले तर कित्येकदा मजुरी म्हणावी असे काही राहत नाही. बाईने घरी बसून केलेले काम फावल्या वेळचे, म्हणून फुकटचे, हा समज बाहेरच्यांचाच आहे असे नाही. तो आपल्या घरांतही आहे. तेव्हा प्रत्येक मागणीच्या चिठ्ठीवर हाताचे तास लिहिलेच पाहिजेत आणि त्यांचा दर विश्वस्तांनी ठरवून द्यावा. म्हणजे एकट्या बाईवर घासाघीस करण्याची पाळी येणार नाही.

यावरून माझी सूचना अशी. जे सर्वांसाठी एकच आहे, म्हणजे पेट्यांचे सांगाडे, कोयऱ्या, पाळणे, ते पुठ्ठ्याच्या पेट्या करणाऱ्या छापखान्यातून शेकड्याने कापून घ्यावे. त्यांचे डाय करणारे कारागीर आपल्या चित्राबरहुकूम डाय करून देतात. फक्त ती डाय घरगुती रुळात घालू नये. छापखान्याच्या पात्याची उंची सुमारे २३.८ मिलिमीटर असते व रुळांतली फट त्या मानाची नसते. जे एकाचेच आहे, म्हणजे नाव, त्यासाठी संगणकाचे यंत्र घ्यावे. हातरुळाचे यंत्र पुढेमागे घेता येईल. ज्यांना संगणकाशी झटापट नको अशा वडील भगिनींना ते सोयीचे आहे. यंत्र एकीच्या घरी न ठेवता न्यासाच्या खोलीत ठेवावे, वापराची वही असावी आणि पाते बदलल्याची तारीख तीत लिहावी.

यंत्र येण्याआधी महिनाभर देवनागरी अक्षरलेखनाचा वर्ग घ्यावा, अशी माझी विनंती आहे. त्याला खर्च बोरूचा आणि शाईचा. वर्ग दुपारी तीन ते पाच ठेवल्यास शाळेतून मुले येण्याआधी मोकळे होता येईल. ज्यांना नावे द्यायची असतील त्यांनी सभा संपल्यावर चिटणीसबाईंकडे द्यावीत.