फ्रिजचे आवाज ओळखू या

आज आपण फ्रिजच्या आवाजांविषयी बोलणार आहोत. विषय साधा वाटेल, पण याच आवाजांना घाबरून आमच्या गटाने एकदा १२ किलो चक्का वाया घालवला. आधी तीच गोष्ट सांगतो.

लग्नसराईत श्रीखंडाला मागणी असते, म्हणून आम्ही गटातून अंतर्गत कर्ज काढून फ्रिज घेतला आणि एका ताईंच्या घरी ठेवला. रात्री सगळं निजानीज झालं की फ्रिजचा आवाज सुरू. मध्येच ‘टक्क’, मग ‘घूंऽऽ’, थोड्या वेळाने पाणी उकळल्यासारखी गुळगुळ. सासूबाई म्हणाल्या, “अगं, रात्रीत जळायचा तो. बंद कर बाई.” बिलाची धास्ती तर सगळ्यांनाच होती. ताई रात्री १० वाजता बटण बंद करायच्या, सकाळी ६ वाजता चालू. तिसऱ्या दिवशी डबा उघडला तर चक्क्याला आंबूस वास. ऑर्डर गेली, दुधाचे पैसे गटाला भरावे लागले. आणि फ्रिज? तो अगदी ठणठणीत होता.

मैत्रिणींनो, फ्रिज आतली उष्णता ओढून घेतो आणि बाहेर टाकतो. म्हणून त्याची मागची जाळी, नाहीतर बाजूचे पत्रे, गरम लागतात. हे काम करतो तो मागे खाली बसवलेला कॉम्प्रेसर. ‘घूंऽऽ’ हा त्याचा आवाज. आतला गारवा कमी झाला की तो चालू होतो, पुरेसा झाला की थांबतो. ‘टक्क’ वाजतं ते तेव्हा. इन्व्हर्टरचा फ्रिज असेल तर तो हळू आवाजात बराच वेळ चालत राहतो, तेही ठीकच.

गुळगुळ होते ती नळ्यांतून फिरणाऱ्या गॅसची. ‘कडकड’ असा बारीक आवाज येतो तो आतलं प्लास्टिक गारव्याने आकसतं म्हणून. उन्हाने पत्रे वाजतात ना, तसंच. बर्फ न जमणाऱ्या फ्रिजमध्ये पंखा फिरतो, आणि साठलेला बर्फ आपोआप वितळताना थेंब गरम पट्टीवर पडले की ‘चुर्र’ होतं. हे सगळे आवाज कामाचे. त्यांना घाबरू नका.

खडखड मात्र बघायला हवी. आमच्या फ्रिजची खडखड वाढली तेव्हा दुरुस्तीवाल्या भाऊंना बोलावलं. त्यांनी फ्रिज भिंतीपासून पुढे ओढला, खालचा पाय फिरवून सारखा केला आणि येण्याजाण्याचे ३०० रुपये घेतले. त्यांचं काही चुकलं नाही, आम्हालाच माहीत नव्हतं. तुम्ही आधी स्वतः पाहा. फ्रिज डुगडुगतो का? मागे भिंतीला टेकलाय का? आत बाटल्या एकमेकींना लागतात का? वर ठेवलेला डबा थरथरतो का?

मग खरी तक्रार कोणती? दर काही मिनिटांनी ‘टक्क’ होतं, पण ‘घूंऽऽ’ सुरूच होत नाही आणि आत गारवा नाही, तर कॉम्प्रेसरला चालू होता येत नाही असं समजा. कधी कारण कमी व्होल्टेजचं असतं. दिवे मंद असतील तर फ्रिजचं बटण बंद ठेवा. व्होल्टेज नेहमीच कमीजास्त होत असेल तर स्टॅबिलायझर लावा. लाइट जाऊन परत आली की लगेच चालू करू नका, ५ मिनिटं थांबा. व्होल्टेज बरोबर असूनही तसंच होत असेल, ठोकल्यासारखा मोठा आवाज येत असेल किंवा फ्रिज अखंड चालूनही गार होत नसेल, तर मात्र मेकॅनिकला बोलवा.

आता बिलाचं बोलू. फ्रिजवर ताऱ्यांचं लेबल असतं. त्यावर वर्षाला किती युनिट वीज लागेल ते छापलेलं असतं. समजा २०० युनिट लिहिलंय, तर महिन्याला साधारण १७ युनिट. प्रत्यक्षात आकडा आपल्या वापराप्रमाणे कमीजास्त होतो. रात्री बंद ठेवून फार काही वाचत नाही, कारण सकाळी सगळं पुन्हा गार करायला वीज लागतेच. दूध नासतं ते वेगळं.

वीज वाचते ती सवयींनी. फ्रिज चुलीपासून, उन्हापासून लांब ठेवा. मागे चार बोटं तरी जागा सोडा. जाळीवर धूळ बसली तर बटण बंद करून, पिन काढून कोरड्या कुंच्याने झाडा. गरम भाजी निवू द्या, पण दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. ताक, आमटी झाकून ठेवा. दारात दहाची नोट धरून दार लावा. नोट सहज निसटली तर दाराचं रबर सैल झालंय, ते पुसा किंवा बदला. लाइट गेली की दार उघडू नका, बंद फ्रिजमध्ये सुमारे ४ तास गारवा टिकतो.

बर्फ जमणाऱ्या फ्रिजमध्ये अर्ध्या बोटाच्या जाडीचा थर झाला की तो वितळू द्या. सुरीने खरवडू नका. नळीला भोक पडलं तर गॅस जातो, आणि हल्लीच्या बऱ्याच फ्रिजमधला गॅस पेट घेणारा असतो.

आता आमचा फ्रिज रात्रभर चालू असतो. सासूबाई त्याच खोलीत झोपतात. परवा त्यांनीच ताईंना हाक मारली, “अगं, नुसतं टक्कटक्क होतंय, घूं होत नाही बघ.” व्होल्टेज कमी झालं होतं. ताईंनी बटण बंद केलं, दार उघडलं नाही, तासाभराने पुन्हा चालू केलं. चक्का शाबूत राहिला.

आज रात्री तुम्हीही ५ मिनिटं आपला फ्रिज ऐका आणि गटाच्या पुढच्या बैठकीत काय ऐकलंत ते एकमेकींना सांगा.