निव्वळ शून्याचा हिशेब आणि कोळसापट्ट्यातील माणूस
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो येथील आंतरराष्ट्रीय हवामान परिषदेत भारत सरकारने जाहीर केले, की २०७० सालापर्यंत हा देश ‘निव्वळ शून्य’ उत्सर्जनाची अवस्था गाठील. म्हणजे जेवढा कर्बवायू हवेत सोडला जाईल, तेवढाच वनांच्या वा अन्य साधनांच्या द्वारे पुन्हा शोषून घेतला जाईल. या घोषणेचे स्वागत झाले, तशी तिच्यावर टीकाही झाली. परंतु समाजवादी चळवळीने जो प्रश्न सर्वांत आधी विचारावयास हवा होता, तो फारसा विचारला गेला नाही. या स्थित्यंतराची किंमत कोण मोजणार?

हवामानबदल हे श्रीमंत राष्ट्रांनी आपल्या माथी मारलेले खूळ आहे, असे मानणारा एक प्रवाह आपल्याही वर्तुळात आढळतो. त्यात अर्धे सत्य आहे. अमेरिकेतील एक माणूस वर्षाला सुमारे चौदा टन कर्बवायू सोडतो, भारतातील माणूस सुमारे दोन टन. ऐतिहासिक जबाबदारी कोणाची, याविषयी शंका असण्याचे कारण नाही. परंतु उरलेले अर्धे सत्यही तितकेच कठोर आहे. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो, तेव्हा त्याचा चटका वातानुकूलित दालनातील अधिकाऱ्याला बसत नाही. तो उघड्या खाणीतील मजुराला आणि वीटभट्टीवरील स्त्रीला बसतो. म्हणून कोळशापासून दूर जाणे ही श्रमिकांचीही गरज आहे. वाद आहे तो दूर जाण्याच्या रीतीविषयी.

कोळसा हे या देशात केवळ इंधन नाही. त्याच्याभोवती एक अर्थव्यवस्था उभी आहे. जून २०२५ अखेर देशाच्या स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मी क्षमता बिगर-जीवाश्म स्रोतांची झाली, याचा गाजावाजा झाला. तथापि क्षमता आणि प्रत्यक्ष निर्मिती यांत अंतर असते. २०२४-२५ मध्ये निर्माण झालेल्या विजेपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक वीज कोळशाचीच होती आणि त्याच वर्षी देशाचे कोळसा उत्पादन शंभर कोटी टनांपलीकडे गेले. रेल्वेच्या मालवाहतुकीच्या उत्पन्नात कोळशाचा वाटा निम्म्याच्या आसपास आहे. गोरगरिबांचे प्रवासी भाडे त्या उत्पन्नाच्या आधाराने स्वस्त राहते. झारखंड, ओडिशा, छत्तीसगड यांसारख्या राज्यांना स्वामित्वधन मिळते तेही कोळशातूनच. कोळसा मागे पडत जाईल, तसतशी ही सारी गणिते बदलतील. त्याची मांडणी आज कोणत्या नियोजनात आहे?

या संदर्भात एका कराची कथा उद्बोधक आहे. २०१० साली केंद्र सरकारने कोळशावर टनामागे पन्नास रुपये ‘स्वच्छ ऊर्जा उपकर’ बसविला. २०१६ पर्यंत तो चारशे रुपयांवर गेला. प्रदूषण करणाऱ्या इंधनावर कर आणि त्या पैशातून स्वच्छ ऊर्जा, हे तत्त्व निर्दोष होते. व्यवहारात २०१७-१८ पर्यंत जमलेल्या सुमारे ८६ हजार कोटी रुपयांपैकी जेमतेम ३० हजार कोटी त्यासाठीच्या निधीत पोहोचले आणि प्रकल्पांवर त्याच्याही निम्म्याच्या आसपासच खर्च झाले. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि हा उपकर राज्यांच्या नुकसानभरपाईकडे वळविण्यात आला. सप्टेंबर २०२५ मध्ये तो उपकरही रद्द होऊन कोळशावरील सर्वसाधारण कर पाच टक्क्यांवरून अठरा टक्के करण्यात आला. म्हणजे कोळशावर कर आजही आहे. परंतु तो कोळसापट्ट्याच्या भवितव्याशी बांधलेला नाही. ज्याच्या नावाने पैसा गोळा केला, त्याच्या हाती तो पडला नाही.

आता कामगारांकडे पाहा. १९७१ ते १९७३ या काळात कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा ठेकेदारांच्या जाचातून सुटका, निश्चित वेतन आणि निवृत्तिवेतन हे कामगाराचे स्वप्न होते. ते काही अंशी साकारही झाले. परंतु कोल इंडियाच्या कायम कामगारांची संख्या, जी या शतकाच्या आरंभी पाच लाखांच्या घरात होती, ती २०२४ मध्ये सव्वादोन लाखांच्या आसपास आली. उत्पादन मात्र अडीच पटींहून अधिक वाढले. उघड्या खाणी आणि अवजड यंत्रे हे त्याचे एक कारण. कंत्राटी मजूर हे दुसरे. खाण बंद होईल तेव्हा कायम कामगाराला निदान काही देणी मिळतील. कंत्राटी मजूर, ट्रकचालक, खाणीच्या तोंडाशी चहाची टपरी चालविणारा आणि सायकलवरून कोळसा वाहून विकणारा यांची नोंदच कोणत्या दफ्तरात नाही. ज्याची नोंद नाही, त्याला भरपाई कशी मिळणार?

योजनाशून्य स्थित्यंतर कसे असते, हे महाराष्ट्राला कोणी सांगावयास नको. १९८२ च्या संपात मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांनी गिरण्यांच्या जमिनीचे तीन हिस्से ठरविले होते: एक महापालिकेच्या मोकळ्या जागांसाठी, एक सार्वजनिक घरांसाठी आणि एक मालकासाठी. २००१ मध्ये नियम असा बदलला, की हा हिशेब केवळ मोकळ्या भूखंडापुरता उरला, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल ग्राह्य धरला. परळ-लालबागमध्ये मनोरे उभे राहिले. कामगारांचे वारस घरासाठी वर्षानुवर्षे रांगेत राहिले. उद्योग मरतो तेव्हा त्याची जमीन मरत नाही. ती कोणाच्या हाती जाते, हाच राजकारणाचा प्रश्न असतो. चंद्रपूर, वणी आणि उमरेड येथील खाणींच्या जमिनींविषयी हाच प्रश्न उद्या उभा राहणार आहे.

जर्मनीने २०२० मध्ये कायदा करून २०३८ ही कोळशावरील विजेची अंतिम मर्यादा ठरविली आणि त्याचबरोबर कोळसा प्रदेशांसाठी चाळीस अब्ज युरोपर्यंत तरतूद कायद्यातच लिहिली. त्या योजनेवरही आक्षेप आहेत, आणि तो देश श्रीमंत आहे हेही खरे. परंतु तारीख आणि तरतूद एकत्र आल्या, हा तिचा धडा घेण्याजोगा आहे. आपल्याकडे तारीख आहे, तरतूद नाही.

नव्या ऊर्जेतही जुना अन्याय शिरू शकतो. कर्नाटकातील पावगड येथील २,०५० मेगावॉटचा सौर प्रकल्प सुमारे तेरा हजार एकरांवर उभा आहे. तेथील जमीन विकत न घेता भाडेपट्ट्याने घेतली, आणि शेतकऱ्याला एकरी वार्षिक भाडे मिळते. ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु त्याच शेतांवर मजुरी करणाऱ्या भूमिहीनाला भाडे नाही आणि कामही नाही. शिवाय कोळशाची वीज मुख्यतः सार्वजनिक मालकीतून उभी राहिली, तर सूर्याची वीज बहुतांशी खासगी भांडवलाच्या हाती आहे. इंधन बदलले म्हणजे संबंध बदलले, असे नव्हे.

म्हणून चळवळीने चार मागण्या स्पष्टपणे मांडल्या पाहिजेत. कोळशावरील कराचा निश्चित हिस्सा कायद्याने कोळसा जिल्ह्यांसाठी राखून ठेवावा आणि त्याच्या विनियोगात कामगार संघटना व ग्रामसभा यांना स्थान असावे. प्रत्येक खाणीचे व केंद्राचे बंद होण्याचे वेळापत्रक निदान दहा वर्षे आधी जाहीर व्हावे आणि कंत्राटी मजुरांची नोंद आजच सुरू व्हावी. सौर प्रकल्पांच्या भाड्यात भूमिहीनांचा वाटा ठरावा. आणि नव्या वीजनिर्मितीत सार्वजनिक व सहकारी क्षेत्राचा हिस्सा वाढावा. २०१५ च्या कायदादुरुस्तीने प्रत्येक खाण जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापन झाले आहे. त्यात जमणारा पैसा रस्ते-इमारतींवर किती आणि उद्याच्या रोजगारावर किती खर्च होतो, हे विचारण्यास कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही.

२०७० साली आज वीस वर्षांचा असलेला खाण कामगार साठी ओलांडून गेलेला असेल. त्याचे सारे श्रमाचे आयुष्य या स्थित्यंतरातच जाणार आहे. कार्यकर्त्यांनी आपापल्या जिल्ह्यातील खनिज प्रतिष्ठानाचा हिशेब मागून या कामाला आरंभ करावा.