माहेरच्या साडीचा सिनेमा

आज बचतीचा हिशेब नाही, कर्जाचे हप्ते नाहीत. आज सिनेमाचं बोलू.

सिनेमाचं वेड कुठून लागलं, असं विचारलं तर आमच्या गटातल्या निम्म्या जणी एकच नाव घेतात, 'माहेरची साडी'. १९९१ चा, विजय कोंडके यांचा. अलका कुबल यांची लक्ष्मी अन् उषा नाडकर्णी यांची सासू. थोरल्या जणींनी तो जत्रेत, तंबूत पाहिला. खाली माती, अंगावर घोंगडी, मांडीवर पेंगलेलं पोर. रीळ बदलायला सिनेमा थांबला की कळायचं, शेजारची अनोळखी बाईसुद्धा पदरानं डोळे पुसतेय. घरात रडायची चोरी. तंबूत मात्र का रडतेस म्हणून कुणी विचारायचं नाही. आम्ही धाकट्या म्हणजे तेव्हाची ती मांडीवरची पोरं. सिनेमा काही कळला नाही, पण आई रडताना पहिल्यांदा दिसली ती तिथं.

शिकलेली माणसं त्याला रडका सिनेमा म्हणतात. रडका आहेच. लक्ष्मी इतकं सोसते की आता आम्हाला तिचा रागच येतो.

गेल्या महिन्यात बैठक संपली अन् टीव्हीवर तोच लागला. वह्या मिटल्या, बसलो. आमच्यातली एक कधी काही बोलत नाही, सही करते अन् जाते. ती हुंदके देऊ लागली. आम्हाला वाटलं, लक्ष्मीसाठी. जाहिराती लागल्या तेव्हा म्हणाली, "मला नऊ वर्षं माहेरची साडी नाही."

भावानं हक्कसोड पत्र पुढं केलं होतं, हिनं सही केली नाही. वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा मुलाइतकाच वाटा असतो, हे तिला ठाऊक होतं. वाटा अजून मिळाला नाही, माहेर तेवढं तुटलं. दर दिवाळीला स्वतःच साडी घेते अन् भावानं पाठवली म्हणून सांगते. इतकी वर्षं एका सतरंजीवर बसतो आम्ही, अन् आम्हाला पत्ता नाही. (तिला विचारूनच सांगतोय हे. फक्त नाव घेऊ नका म्हणाली.)

मग वादच झाला. एक म्हणाली, बरं केलंस. दुसरी म्हणाली, भाऊ गमावून जमीन काय करायची? अजून आमचं एकमत नाही. पण तालुक्याच्या विधी सेवा समितीत बायकांना मोफत वकील मिळतो, कमाई कितीही असो. मंगळवारी आमच्यातल्या दोघी तिच्यासोबत जाणार आहेत.

या गडबडीत सिनेमाचा शेवट राहूनच गेला. तिनं बजावलंय, पुन्हा लागला की हाक मारा.