आजोबांचा घडीचा चाकू किती जुना?

(फळबाग मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



डोळे भरण्याचा किंवा कलमे बांधण्याचा हंगाम आला की आपण चाकूला धार लावून घेतो. अशा वेळी अवजारांच्या पेटीच्या तळाशी एखादा जुना घडीचा चाकू हाती लागतो. "हा आपल्या पणजोबांचा," असे घरात सांगितले जाते. हे कितपत खरे आहे, ते चाकूवरूनच बऱ्याच अंशी ठरवता येते. त्याविषयी आज थोडी माहिती घेऊ.

प्रथम माझ्या घरचीच चूक सांगतो. आमच्याकडे शेफिल्डचा एक घडीचा चाकू होता. आई म्हणे तो पणजोबांचा. चुलते म्हणत आजोबांनी मुंबईहून आणला. पणजोबा १९०८ साली वारले. मी नीट न पाहताच तो चाकू आठवड्याच्या बाजारात धारवाल्याकडे दिला आणि चकचकीत करायला सांगितला. त्याने सांगितल्याप्रमाणे केले. घरी येऊन भिंगातून पाहिले, तर पात्यावर अर्धा मुकुट आणि 'शेफिल्ड' या शब्दाची शेवटची तीन-चार अक्षरे तेवढी उरली होती. मुकुटाशेजारचे अक्षर गेले होते. ते अक्षर का महत्त्वाचे, हे पुढे लक्षात येईल.

मूळ नियम

जुन्या वाड्याच्या भिंतीत मुळापासून सिमेंट दिसले, तर ती भिंत सिमेंट येण्यापूर्वीची नाही, हे आपल्याला कळते. चाकूचेही तसेच आहे. त्याच्या अंगावरची सर्वांत अलीकडची खूण शोधावी. चाकू त्या खुणेपेक्षा जुना असू शकत नाही. मात्र ती खूण नंतरच्या दुरुस्तीची नाही, एवढी खात्री करून घ्यावी.

पात्याचे बूड वाचा

चाकू पूर्ण उघडा. पाते जिथे मुठीत शिरते तिथे, धार नसलेल्या भागावर, कारखान्याचा शिक्का असतो. उजेड तिरपा पडेल असे धरून भिंगाने पाहा. आपल्याकडे ब्रिटिश अमदानीत आलेल्या चाकूंत इंग्लंडमधील शेफिल्ड आणि जर्मनीतील झोलिंगेन या दोन गावांची नावे प्रामुख्याने आढळतात. शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्स कारखान्याची खूण म्हणजे चांदणी आणि माल्टाचा क्रूस. ही खूण अठराव्या शतकापासून चालत आलेली आहे. म्हणून केवळ ती दिसली, एवढ्यावरून चाकू जुना समजू नये.

राजाचे अक्षर

शेफिल्डच्या बऱ्याच पात्यांवर मुकुट आणि त्याच्या दोन्ही बाजूंना इंग्रजी अक्षरे असतात. ती त्या वेळच्या राजाची किंवा राणीची असतात. 'व्ही' आणि 'आर' असल्यास व्हिक्टोरिया राणीचा काळ, म्हणजे १८३७ ते १९०१. 'ई' असल्यास बहुधा एडवर्ड सातवा, १९०१ ते १९१०. 'जी' आणि 'आर' असल्यास बहुधा पाचवा किंवा सहावा जॉर्ज, म्हणजे साधारण १९१० ते १९५२. १८३० पूर्वीही इंग्लंडच्या गादीवर जॉर्ज नावाचे राजे होते. त्यामुळे एकट्या 'जी' अक्षरावर न थांबता पुढची खूणही पाहावी.

देशाचे नाव

अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्याने परदेशी मालावर देशाचे नाव घालणे १८९१ पासून सक्तीचे झाले. त्यानंतर शेफिल्डच्या मालावर 'इंग्लंड' हा शब्द सर्रास येऊ लागला. 'जी', 'आर' आणि 'इंग्लंड' ही तिन्ही एकत्र दिसली, तर चाकू विसाव्या शतकातला समजण्यास हरकत नाही. उलट 'इंग्लंड' शब्द नाही म्हणून चाकू १८९१ पूर्वीचाच, असे मात्र म्हणता येत नाही. झोलिंगेनच्या पात्यावर 'वेस्ट जर्मनी' असेल, तर तो १९४९ ते १९९० या काळातला धरावा.

पोलाद आणि मूठ

न गंजणाऱ्या पोलादाचा शोध शेफिल्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ साली लावला. घडीच्या चाकूत ते पहिल्या महायुद्धानंतर रुळले. पात्यावर 'स्टेनलेस', 'रोस्टफ्राय' किंवा 'इनॉक्स' असे लिहिले असेल, तर तो चाकू व्हिक्टोरिया राणीच्या वेळचा असणे शक्य नाही.

मूठ शिंगाची, हाडाची किंवा लाकडाची असेल, तर तेवढ्यावरून वय ठरत नाही. या वस्तू पूर्वीपासून आजपर्यंत वापरात आहेत. शेफिल्डच्या मुठींसाठी सांबराची शिंगे आपल्या देशातूनच जात असत. बॅकेलाइट मात्र १९०७ नंतरचे. खिळे वेगळ्या धातूचे असतील किंवा मूठ आणि धातूची टोपी यांत फट दिसत असेल, तर मूठ नंतर बदललेली असण्याचा संभव आहे. सांबरशिंग किंवा हस्तिदंताची मूठ असलेला चाकू विकण्याचा विचार असल्यास आधी वनखात्याकडे चौकशी करावी. वन्यजीव (संरक्षण) कायदा १९७२ अन्वये अशा वस्तूंच्या व्यापारावर निर्बंध आहेत.

झिजेवर जाऊ नका

पाते झिजून बारीक झाले म्हणजे चाकू फार जुना, असा समज आहे. तो बरोबर नाही. रोज शेकडो डोळे भरणाऱ्याचा चाकू दगडावर घासून थोड्याच वर्षांत अर्धा होतो. पेटीत पडून राहिलेला चाकू ऐंशी वर्षांनीही भरलेला दिसतो.

वाचण्यापूर्वी घासू नका

चिंच, लिंबू, विटेची पूड, पॉलिश कागद किंवा धारवाल्याचे चाक, यांपैकी काहीही शिक्क्याला लावू नये. मऊ फडक्यावर शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब घेऊन हलक्या हाताने पुसावे. तांबूस गंज काढावा. पोलादावरची काळपट झाक राहू द्यावी, तिने नुकसान होत नाही. शिंगाची मूठ पाण्यात भिजवू नये. चाकू चामड्याच्या पिशवीत कायमचा ठेवू नये, कारण चामडे ओल धरते व पाते गंजते. धार लावायचीच असेल, तर शिक्का आधी कागदावर उतरवून घ्यावा आणि धारवाल्याला फक्त धारेचीच बाजू चाकावर धरण्यास सांगावे.

थोडक्यात

१. बूड वाचा. २. मुकुटाशेजारचे अक्षर पाहा. ३. देशाचे नाव शोधा. ४. पोलाद व मूठ तपासा. ५. सर्वांत अलीकडची खूण कोणती ते ठरवा. शिक्के तयार केल्यावर पुढे काही वर्षे वापरात राहत. म्हणून नेमक्या सालाचा हट्ट न धरता पिढी ठरवावी.

आमच्या चाकूवर 'व्ही' असते, तर आईचे म्हणणे खरे मानता आले असते. 'जी' असते, तर तो पणजोबा वारल्यानंतरचा, म्हणजे चुलत्यांचे म्हणणे बरोबर. मूठ शिंगाची, पोलाद साधे. त्यावरून काहीच ठरत नाही. आता आईही नाही आणि चुलतेही नाहीत. विचारायचे कोणाला? म्हणून आपणास विनंती की, घरातला चाकू आज संध्याकाळीच बाहेर काढा, भिंगाने वाचा आणि वडीलधाऱ्यांना त्याबद्दल काय आठवते ते विचारून वहीत लिहून ठेवा. धार नंतरही लावता येईल.