तिसरा हिस्सा गावाचा

(सयाजीगंजमध्ये सीमाभागातल्या मराठी विद्यार्थ्यांसमोर केलेलं भाषण)

इथे जवळच काळा घोडा आहे. घोड्यावरच्या सयाजीरावांना आपण हार घालतो आणि पुढे जातो. मला आज त्यांच्या एका हिशेबाबद्दल बोलायचंय.

1910 साली त्यांनी विल्यम बॉर्डेन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणलं. पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरू लागल्या. पण गावाला स्वतःचं ग्रंथालय हवं असेल तर एक हिस्सा गावाने जमवायचा, तेवढाच प्रांत पंचायत देणार, तेवढाच सरकार. गाव हललं नाही तर ग्रंथालय नाही. आणि वर्गणी दिलेला माणूस, आज दार बंद का, हे विचारतोच!

सयाजीराव लोकशाहीवाले होते, असं मी म्हणत नाही. सक्तीचं शिक्षण वरूनच आलं. पण तेही 1893मध्ये आधी अमरेलीत करून पाहिलं. सगळ्या संस्थानात न्यायला 1906 उजाडलं. तेरा वर्षं! एका कोपऱ्यात चुकायला जागा ठेवली. विकेंद्रीकरणाची व्याख्या आम्ही परीक्षेसाठी पाठ करतो, तिच्यात ही जागा कुठेच नसते.

आणि आपल्याकडे? 2005मध्ये बेळगाव महापालिकेने महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केला, तर कर्नाटक सरकारने महापालिकाच बरखास्त केली. म्हणजे निवडून आलेल्यांनी फक्त गटारींवर बोलायचं. अशा धाकात नवीन काही करून बघायला कोण धजावेल?

तरी एक फट आहे. 2019मध्ये कर्नाटकातली ग्रामपंचायत ग्रंथालयं ग्रामविकास खात्याकडे आली. पुढे लोकांकडून पुस्तकं गोळा करायची मोहीमही झाली. आमच्या खानापूरकडच्या गावात ग्रंथालय आहे, पुस्तकं सगळी कन्नड. मी ती वाचतो, तक्रार नाही. पण माझी आजी मराठीच वाचते, तिने तिथे जाऊन काय करायचं?

म्हणून ग्रामसभेत अर्ज द्यायचा: कपाट आम्ही आणतो, पुस्तकं आम्ही जमवतो, जागा पंचायतीने द्यावी, नवीन पुस्तकांना थोडे पैसेही. आपला हिस्सा आधी टेबलावर ठेवायचा. नाही म्हणाले तर ते ‘नाही’ इतिवृत्तात लिहून घ्यायचं.

तुमच्या गावची पुढची ग्रामसभा कधी आहे, कुणाला माहीत आहे? मलाही काल घरी फोन करूनच विचारावं लागलं.