जॉनी मार: पाच बँड, एक गिटार

आजचा भाग एका गिटारिस्टबद्दल आहे. या माणसाने वयाच्या २३ व्या वर्षी, ऐन भरात असलेला स्वतःचा बँड सोडला आणि पुढची पंचवीस वर्षं एका बँडमधून दुसऱ्यात जात राहिला. आपल्याकडे अशा माणसाला काय म्हणतात ते तुम्हाला माहितीये: 'एका जागी टिकत नाही.' मला स्वतःला हे वाक्य नात्यातल्या प्रत्येक लग्नात ऐकवलं जातं, कारण सहा वर्षांत माझी ही तिसरी कंपनी आहे. त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

तर, जॉनी मार. मराठी कानाला आडनाव जरा धोकादायक वाटतं. जन्म ३१ ऑक्टोबर १९६३, मँचेस्टर. आईवडील आयर्लंडहून आलेले. खरं आडनाव माहर, पण मँचेस्टरच्याच बझकॉक्स या बँडमध्ये जॉन माहर नावाचा ड्रमर आधीच होता. मग याने आडनाव बदललं.

१९८२ मध्ये, अठरा वर्षांचा असताना, त्याने मॉरिसीबरोबर 'द स्मिथ्स' सुरू केला. शब्द आणि गाणं मॉरिसीचं, संगीत मारचं. बेसवर अँडी रूर्क, ड्रम्सवर माइक जॉइस. १९८४ ते १९८७ या चार वर्षांत चार स्टुडिओ अल्बम आले. त्यातला 'मीट इज मर्डर' १९८५ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला.

आता त्याच्या वाजवण्याकडे येऊ. रॉक गिटारिस्ट म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते डोळे मिटून, मान मागे टाकून वाजवलेलं लांबलचक सोलो. मार सोलोच्या फारसा वाटेला जात नाही. तो कॉर्डचे सूर एकदम न वाजवता सुटे सुटे करून गुंफतो आणि स्टुडिओत त्यावर गिटारचे आणखी थर चढवतो. 'धिस चार्मिंग मॅन' ऐका. गायक सुरू व्हायच्या आधीच गिटार एक पूर्ण चाल गाऊन मोकळी झालेली असते, आणि गाणं सुरू झाल्यावरही ती मॉरिसीच्या आवाजाला कुठे आडवी येत नाही. आपल्या भाषेत याला 'साथ' म्हणतात. चांगल्या साथीदाराला कळतं की कुठे भरायचं आणि कुठे जागा सोडायची. माझ्या मते मारचं सगळं करिअर या एका शब्दात आहे.

दुसरं उदाहरण खास इंजिनिअर मंडळींसाठी. १९८४ चं 'हाउ सून इज नाउ?' हे जवळपास पावणेसात मिनिटांचं गाणं आहे, आणि ते आधी चक्क एका सिंगलच्या मागच्या बाजूला टाकलं होतं! त्यात गिटारचा आवाज लाटेसारखा थरथरतो. तो कसा आणला? गिटारचा ट्रॅक चार फेंडर ट्विन रिव्हर्ब अँप्समधून सोडला. प्रत्येक अँपच्या थरथरीचा वेग गाण्याच्या तालाशी जुळायला हवा होता, आणि आजच्यासारखं कॉम्प्युटरवर एका क्लिकमध्ये ते होत नव्हतं. मग मार आणि निर्माता जॉन पोर्टर यांनी दोन-दोन अँप्स वाटून घेतले. ताल हुकला की टेप थांबवायची, मागे न्यायची, पुन्हा सुरू. असं तुकड्या-तुकड्याने ते रेकॉर्ड केलं. सिंक्रोनायझेशनचा प्रॉब्लेम दोन माणसांनी हाताने सोडवला, असंच म्हणा ना!

मग असा बँड सोडला का? कारणं बरीच सांगितली जातात, पण एक साधं कारण मला फार ओळखीचं वाटतं. बँडला धड टिकाऊ मॅनेजरच नव्हता. त्यामुळे चाली बांधायच्या, रेकॉर्डिंग बघायचं, आणि वर व्यवहाराची कटकटही बऱ्याच वेळा मारच्याच डोक्यावर. विशीतला मुलगा, सतत दौरे. दमला. १९८७ च्या उन्हाळ्यात तो बाहेर पडला. शेवटचा अल्बम 'स्ट्रेंजवेज, हिअर वी कम' बाजारात आला तेव्हा बँड उरलाच नव्हता.

आणि इथे मारची बाजू घेऊन चालणार नाही, अशीही एक गोष्ट आहे. बँडच्या रेकॉर्डिंग आणि कार्यक्रमांच्या कमाईतले ४०-४० टक्के मार आणि मॉरिसी घ्यायचे, तर रूर्क आणि जॉइसला १०-१० टक्के. लेखी करार नव्हता. जॉइस कोर्टात गेला आणि १९९६ मध्ये जिंकला. तो समान भागीदार आहे, त्याचा हिस्सा २५ टक्के, असा निकाल लागला. मित्रांबरोबर स्टार्टअप काढणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

पुढची यादी ऐका. थोडे दिवस प्रिटेंडर्स. टॉकिंग हेड्सच्या 'नेकेड' अल्बमवर गिटार. मग मॅट जॉन्सनचा 'द द' हा बँड. त्यात 'माइंड बॉम्ब' (१९८९) आणि 'डस्क' (१९९३) हे दोन अल्बम. 'डस्क' हा माझा सगळ्यात आवडता. गाणी पूर्णपणे जॉन्सनची, अंधारी आणि खासगी. मार तिथे हार्मोनिकासुद्धा वाजवतो. स्मिथ्सचा गिटारिस्ट म्हणून शोधायला जाल, तर तो पटकन सापडणारही नाही.

त्याच काळात न्यू ऑर्डरच्या बर्नार्ड समनरबरोबर 'इलेक्ट्रॉनिक'. पहिलं सिंगल 'गेटिंग अवे विथ इट', १९८९, आणि त्यात पेट शॉप बॉइजचा नील टेनंट सोबतीला. इथे तर सिंथेसायझर आणि ड्रम मशीनचं राज्य. गिटारच्या भक्तांना हे पचायला जड गेलं असणार. पण विचार करा, ज्याच्या गिटारची नक्कल अख्खा देश करतोय, तो गिटार बाजूला ठेवून मशीनवर आवाज रचायला शिकतोय. सीनियर म्हणून नाव झाल्यावर पुन्हा नवशिक्या होणं किती अवघड असतं, हे आपल्या क्षेत्रातल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

२००३ मध्ये 'हीलर्स' या स्वतःच्या बँडचा 'बूमस्लँग' आला. मग २००६ मध्ये तो अमेरिकेत पोर्टलंडला जाऊन 'मॉडेस्ट माउस'मध्ये सामील झाला. आयझॅक ब्रॉकने गाणी लिहायला बोलावलं आणि हा चक्क पूर्णवेळ सदस्य झाला. २००७ चा त्यांचा अल्बम बिलबोर्डच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर. स्मिथ्सला अमेरिकेत हे कधीच जमलं नव्हतं. त्यानंतर वेकफील्डचे जार्मन भाऊ, म्हणजे 'द क्रिब्स'. तिघेही त्याच्यापेक्षा बरेच लहान. त्यांच्याबरोबर २००९ चा 'इग्नोर द इग्नोरंट'. शेवटी २०१३ मध्ये, ४९ व्या वर्षी, 'द मेसेंजर' हा अल्बम फक्त स्वतःच्या नावावर. गायकही तोच.

आता मुद्द्याचं बोलू. टीका अशी होते की एवढे बँड केले, पण स्मिथ्सच्या तोडीचं पुन्हा काही झालं नाही. मी हे नाकारणार नाही. त्याच्या नावापुढे लोकांना आजही ती पाच वर्षंच आठवतात. बँड सोडायची ती किंमत आहे आणि ती त्याने भरली.

पण 'टिकत नाही' हा आरोप मात्र मला पटत नाही. 'द द'मध्ये तो सहा-एक वर्षं होता, म्हणजे स्मिथ्सपेक्षा जास्त. 'इलेक्ट्रॉनिक'चे तीन अल्बम झाले, शेवटचा १९९९ मध्ये. तो जिथे गेला तिथे पाहुणा कलाकार म्हणून मिरवला नाही, सदस्य म्हणून राबला. कुठल्याही बँडला त्याने दुसरा स्मिथ्स करायचा प्रयत्न केला नाही. बँड बदलत गेले, साथ करण्याची वृत्ती तीच राहिली. मला वाटतं टिकणं म्हणजे हेच. कंपनीच्या आयडी कार्डावरच्या तारखांवरून ते मोजता येत नाही. लग्नात पुढच्या वेळी कोणी विचारलं, तर हे उत्तर तयार ठेवलंय. पटेल याची खात्री नाही!

ऐकायला सुरुवात करायची असेल तर हा क्रम घ्या: 'धिस चार्मिंग मॅन', 'हाउ सून इज नाउ?', मग 'द द'चं 'स्लो इमोशन रिप्ले', 'गेटिंग अवे विथ इट', आणि मॉडेस्ट माउसचं 'डॅशबोर्ड'. हेडफोन लावून ऐका, आणि प्रत्येक वेळी गायकाला सोडून मागच्या गिटारकडे कान द्या. पाच गाण्यांत पाच वेगळी माणसं वाजवतायत असं वाटेल.

पुढच्या भागात भेटूच. तोपर्यंत ऐकत राहा!