व्यसन आणि ग्रंथ
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आपल्या ग्रंथालयात व्यसनविषयक पुस्तकांचे एक कपाट असावे, अशी सूचना मी कार्यकारी मंडळापुढे ठेवली होती. तेव्हा एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी विचारले, “आपल्या ज्ञातीत याची गरज काय?” त्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठीच मी आज उभा आहे.

गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ १९१९ साली, त्यांच्या निधनानंतर अल्पावधीतच, रंगभूमीवर आले. त्यातील सुधाकर हा बुद्धिमान वकील. सनद काही काळ रद्द झाल्याच्या अपमानात तो पहिला प्याला घेतो. सिंधूसाठी आपण अश्रू ढाळतो. परंतु दारू सोडून सुधाकर काम शोधू लागतो, तेव्हा प्रतिष्ठितांची दारे त्याला बंदच आढळतात, हे आपण विसरतो. ती दारे आपल्यासारख्यांचीच होती.

व्यसन हा केवळ मनाचा दुबळेपणा नव्हे, तो आजार आहे. १९३५ साली अमेरिकेत एक शेअर-दलाल आणि एक डॉक्टर, दोघेही मद्यासक्त, एकमेकांना सावरू लागले. त्यातून ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ ही चळवळ उभी राहिली. १९३९ साली निघालेल्या तिच्या ग्रंथात सांगितलेली पहिली पायरीच, आपण या व्यसनापुढे हतबल आहोत, ही कबुली आहे. आपल्याकडे डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केले. अवचटांचे ‘गर्द’ व ‘मुक्तांगणची गोष्ट’ ही पुस्तके प्रत्येक घरी वाचली जावीत.

सवयींविषयीही आता पुष्कळ लिहिले गेले आहे. लंडनमधील एका संशोधनात (२०१०) असे आढळले की, नवी सवय अंगवळणी पडण्यास सरासरी ६६ दिवस लागतात. कोणास १८, तर कोणास अडीचशेहून अधिक. आणि एखादा दिवस चुकला म्हणून सारे व्यर्थ जात नाही. नेम मोडला की हताश होणाऱ्यांस हा केवढा धीर आहे! मात्र पुस्तक हे औषध नव्हे. वर्षानुवर्षे मद्यपान करणाऱ्याने ते एकाएकी बंद केल्यास झटके येऊन प्राणही जाऊ शकतात. तेथे वैद्यकीय देखरेखच हवी.

आता त्या गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर. काही वर्षांपूर्वी एक वधूपिता माझ्याकडे, आमच्या नात्यातील एका मुलाची चौकशी करण्यास आले. मुलगा पितो, हे मला ठाऊक होते. “लग्न झाले म्हणजे सुधारेल,” अशी मनाची समजूत घालून मी “मुलगा उत्तम आहे,” एवढेच म्हणालो. ती मुलगी आज माहेरी आहे. तो मुलगाही सुधारला नाही. कारण आम्ही त्याला उपचाराऐवजी बोहल्यावर नेले. त्या एका वाक्याचे ओझे मी अद्याप वाहतो आहे.

गरज आहे ती येथेच. आपण लपवतो, आणि लपवण्यालाच कुळाची अब्रू समजतो.

म्हणून विनंती एवढीच: ते कपाट असावे, त्यास कुलूप नसावे, आणि पुस्तक नेणाऱ्याचे नाव वहीत लिहिले जाऊ नये. एखादे पुस्तक परत आले नाही, तर ते योग्य घरी पोहोचले असे समजावे. पहिल्या दहा पुस्तकांचा खर्च मी आनंदाने उचलीन.